डिस्चार्जमधून वेगवान हायड्रोजन अणूंचा बीम: प्रयोगशाळेत तो कसा उभा करायचा

उदासीन अणूला वेग द्यायचा तर त्याला धरायचं कुठे, हाच पहिला प्रश्न. विद्युतक्षेत्र त्याला ओढत नाही, चुंबक वळवत नाही. तापवून वेग वाढवायचा म्हटलं तर खोलीच्या तापमानाला हायड्रोजन रेणूचा वेग सेकंदाला साधारण १.९ किलोमीटर असतो. भट्टी ३००० केल्विनपर्यंत नेली तरी तो जेमतेम तिपटीने वाढतो, आणि तोवर भट्टीचाच जीव जायला येतो. टक्करींच्या आणि वर्णपटाच्या पुष्कळ प्रयोगांना मात्र सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटरचे अणू लागतात.

नेहमीची वाट एकच. डिस्चार्ज, म्हणजे विरळ गॅसमधला विजेचा प्लाझ्मा, पेटवून अणूतला इलेक्ट्रॉन काढायचा, उरलेल्या आयनाला विद्युतक्षेत्राने पळवायचं आणि पळता पळता त्याला इलेक्ट्रॉन परत द्यायचा. १८८६ मध्ये गोल्डश्टाइनने डिस्चार्ज नळीच्या कॅथोडला भोकं पाडली, तेव्हा मागच्या बाजूला जे किरण निघाले त्यांतही हे आपोआप घडत होतं. आयन कॅथोडकडे झेपावत, वाटेतल्या गॅसशी इलेक्ट्रॉनची देवघेव करत आणि त्यातले कित्येक उदासीन होऊन तसेच पुढे जात. १९०५ मध्ये श्टार्कला याच किरणांच्या प्रकाशात डॉप्लर सरक, म्हणजे वेगामुळे तरंगलांबीत पडणारा फरक, दिसली. आज आपण तेच करतो, फक्त एकेक टप्पा वेगळा काढून आणि ताब्यात ठेवून.

पुढचं सगळं वाचताना एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. उदासीन झालेला अणू म्हणजे धनुष्यातून सुटलेला बाण. त्याची दिशा, ऊर्जा, शुद्धता यांत जे काही करायचं ते न्यूट्रलायझरच्या (इलेक्ट्रॉन परत देणाऱ्या गॅसच्या नळीच्या) आधी, तो आयन असतानाच करून घ्यावं लागतं. बहुतेक नवी मंडळी न्यूट्रलायझरवर जीव ओततात आणि डिस्चार्ज कसाबसा पेटला की समाधान मानतात. प्रत्यक्षात बीमचं बरंवाईट डिस्चार्ज पेटतो त्या काचेच्या बल्बमध्ये आणि त्याच्या पुढच्या अर्ध्या मीटरमध्येच ठरून जातं.

इथे उदाहरणादाखल १० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे १० केईव्हीचा हायड्रोजन बीम घेतला आहे. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दोन-तीन माणसांना झेपेल असा हा आवाका आहे.

ऊर्जा आधी ठरवा, मग खरेदी

१ केईव्हीच्या हायड्रोजन अणूचा वेग सेकंदाला ४३८ किलोमीटर, १० केईव्हीला १३८४ आणि २५ केईव्हीला सुमारे २१८८. हा शेवटचा आकडा म्हणजे बोरच्या पहिल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनचा वेग. त्याच्या आसपास टक्करींचं भौतिकशास्त्र सगळ्यांत गुंतागुंतीचं होतं, म्हणून कित्येक प्रयोग मुद्दाम तिथेच केले जातात. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात २०१९ मध्ये प्रोटॉनची त्रिज्या ०.८३३ फेम्टोमीटर अशी मोजली गेली. तिथे ५५ केईव्हीचे प्रोटॉन हायड्रोजन गॅसमधून नेऊन वेगवान अणू बनवले होते. तत्त्व हेच, मोजमाप मात्र कमालीचं काटेकोर.

ऊर्जा वाढवायची हौस आवरा. प्रोटॉनला इलेक्ट्रॉन पकडायला जो अवधी मिळतो तो वेगाबरोबर घटत जातो. गॅस कितीही दाट केला तरी १० केईव्हीला बीमचा साधारण नव्वद टक्के भाग उदासीन होऊ शकतो, ५० केईव्हीला निम्म्याहूनही कमी, आणि १०० केईव्हीला पंधरा-वीस टक्क्यांच्या आत. म्हणूनच मोठ्या संलयन यंत्रांत धन आयन सोडून ऋण आयनांकडे वळावं लागलं. आयटर या आंतरराष्ट्रीय संलयन प्रकल्पासाठी भारत जो निदान-बीम (प्लाझ्मा तपासण्यासाठीचा बीम) पुरवणार आहे तो १०० केईव्ही हायड्रोजनचा, आणि तोही ऋण आयनांपासून बनवलेला. त्याची तयारी गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत चालते. आपल्याला त्या वाटेला जायचं कारण नाही.

याहून अगदी वेगळा रस्ताही आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गटाने २०१३ मध्ये आरगॉनच्या अणुपुंजांवर तीव्र लेसर टाकून त्या प्लाझ्मातून मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरातले उदासीन अणू मिळवले. पण ते क्षणिक स्पंद असतात. तासन्‌तास स्थिर चालणारा बीम हवा असेल तर डिस्चार्जला पर्याय नाही.

बल्ब आणि डिस्चार्ज

हायड्रोजनसाठी माझी पहिली पसंती आरएफ, म्हणजे रेडिओलहरींनी पेटणाऱ्या, स्रोताला. पायरेक्स किंवा क्वार्ट्झचा बल्ब, बाहेरून तांब्याच्या नळीचे चार-पाच वेढे, १३.५६ मेगाहर्ट्झचा जनरेटर आणि शंभर-दोनशे वॉट. तापणारा फिलामेंट नाही, त्यामुळे बदलत बसायची कटकट नाही. शिवाय वेढे काचेबाहेर असल्याने जनरेटर शून्य व्होल्टेजवर (अर्थला जोडलेला) ठेवता येतो आणि उच्च व्होल्टेजवर फक्त बल्बचा तळ जातो. ड्युओप्लाझ्माट्रॉन हा दुसऱ्या जातीचा आयन स्रोत जास्त प्रवाह देतो, पण त्याची देखभाल वेळखाऊ. इसीआर (मायक्रोवेव्ह आणि चुंबकावर चालणारा) स्रोत उत्तम, २.४५ गिगाहर्ट्झला ८७५ गॉसचं क्षेत्र लागतं, पण चुंबकाची रचना सांभाळावी लागते. पहिल्याच बीमसाठी एवढा पसारा नको.

काच निवडण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते फार मोलाचं आहे. प्लाझ्मात हायड्रोजनचे रेणू तुटून अणू होतात आणि अणूंचे प्रोटॉन होतात. हेच अणू धातूच्या पृष्ठभागावर आदळले तर पुन्हा जोडी जमवून रेणू बनतात. स्वच्छ काचेवर ही जोडी क्वचितच जमते. म्हणून काचेच्या बल्बमध्ये प्रोटॉनचं प्रमाण चांगलं मिळतं आणि धातूच्या खोक्यात रेणू-आयन बोकाळतात. बल्बच्या तळाशी प्लाझ्मा इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या भोकातून आयन बाहेर निघतात तो, धातूचाच असावा लागतो. त्यावर क्वार्ट्झची किंवा बोरॉन नायट्राइडची चकती बसवा आणि भोकाभोवतीचं छोटं कडं तेवढं उघडं ठेवा.

बल्बला हाताचे ठसे लावू नका. साबणाच्या पाण्याने धुऊन, डिस्टिल्ड पाण्याने खळखळून, ओव्हनमध्ये वाळवून बसवा. तरीही पहिले काही तास डिस्चार्ज नुसता चालू ठेवावा लागतो, कारण काचेला चिकटलेलं पाणी हळूहळू सुटतं. प्रगती रंगावरून कळते. सुरुवातीला फिकट, पांढुरकी निळसर झाक असते. पाणी आणि घाण निघून गेली, अणूंचं प्रमाण वाढलं की बल्ब गडद किरमिजी होतो. तो रंग ६५६.३ नॅनोमीटरच्या रेषेचा. साधा हातातला स्पेक्ट्रोस्कोप लावून पाहा: ६५६.३ आणि ४८६.१ ठसठशीत दिसायला हव्यात आणि मधला रेणूंचा धूसर पट्टा मंद. किरमिजी रंग बराच वेळ येतच नसेल तर आधी गळती शोधा. पॉवर वाढवून तो येत नाही.

बल्बमधला दाब साधारण ०.०१ ते ०.०३ मिलिबार ठेवा. या दाबाला प्लाझ्मा चालतो छान, पण पेटायला कधी कधी तयार नसतो. हायड्रोजनमध्ये पाशनच्या आलेखाचा (ठिणगीला किती व्होल्टेज लागतं ते दाखवणाऱ्या) तळ दाब गुणिले अंतर १.१५ टॉर-सेंटिमीटरच्या आसपास येतो आणि तिथे २७० व्होल्टच्या जवळपास ठिणगी पडते. आपण त्या तळाच्या बरेच डावीकडे असतो. म्हणून पेटवताना गॅस क्षणभर वाढवायचा, ज्योत धरली की पूर्ववत आणायचा आणि लगेच मॅचिंग बॉक्सचे (जनरेटर आणि वेढे यांची जुळणी करणाऱ्या डब्याचे) कंडेन्सर फिरवून परतणारी पॉवर किमान करायची. पेटण्याआधीचं आणि नंतरचं मॅचिंग वेगळं असतं. बल्बवर पंखा हवाच.

गॅसच्या नळीबद्दल एक इशारा. बल्बचा तळ १० किलोव्होल्टवर असतो आणि सिलिंडर शून्य व्होल्टवर. मधल्या प्लास्टिकच्या नळीत दाब कमी असेल तर तिथेच डिस्चार्ज पेटतो आणि नळीचा कोळसा होतो. उपाय सोपा: सुईचा व्हॉल्व्ह उच्च व्होल्टेजच्या टोकाला, बल्बच्या तोंडाशी लावा. मग नळीत वातावरणाएवढा दाब राहतो आणि ती गप्प बसते. तो व्हॉल्व्ह अर्थातच अ‍ॅक्रिलिकच्या लांब दांड्याने फिरवायचा.

आयन बाहेर काढणं

इथे थोडं गणित टाळता येत नाही. प्लाझ्माची घनता दर घन सेंटिमीटरला १० चा ११वा घात आणि इलेक्ट्रॉनचं तापमान ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरलं, तर बोमच्या नियमाने भोकाच्या तोंडाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २१ मिलिअँपिअर प्रोटॉन येऊन पोचतात. भोक २ मिमी व्यासाचं असेल तर ०.६६ मिलिअँपिअर. ही झाली आवक.

जावक ठरवतो चाइल्ड-लँगम्यूरचा नियम. १० किलोव्होल्ट आणि समोरच्या ओढणाऱ्या इलेक्ट्रोडपर्यंतच्या १ सेंटिमीटर अंतराला प्रोटॉनसाठी तो दर चौरस सेंटिमीटरला ५४ मिलिअँपिअरची मुभा देतो. म्हणजे नेऊ शकतो त्यापेक्षा आवक कमी. अशा वेळी प्लाझ्माची कड भोकातून आत ढकलली जाते, तिला खोलगट बाक येतो आणि बीम आधी प्रमाणाबाहेर आवळून पुढे फाकतो. उलट, आवक जास्त झाली तर प्लाझ्मा भोकातून बाहेर फुगतो आणि बीम सुरुवातीपासूनच पसरतो. आवक आणि जावक जुळवायची तर अंतर १ वरून १.६ सेंटिमीटर करा. मुभा २१ वर येते आणि प्लाझ्माची कड जवळजवळ सपाट होते. नेमका किंचित खोलगट बाक उत्तम.

नंतर तुम्ही आरएफ पॉवर बदलली की ही जुळणी बिघडते, आणि हे ध्यानात न राहिल्यामुळेच ‘पॉवर वाढवली तरी टार्गेटवर बीम घटला’ अशी कोडी पडतात. आवक वाढली होती, बीम फाकला होता. पॉवर बदलली की व्होल्टेज किंवा लेन्सही बदलायची, अशी सवयच लावून घ्या. इलेक्ट्रोडच्या पुढे आइन्झेल लेन्स (विद्युतक्षेत्राने बीम एकवटणारी नळ्यांची जोडणी) ठेवली की उरलेला पसारा आवरता येतो.

पंप

२ मिमीच्या पातळ भोकातून हायड्रोजन सेकंदाला साधारण १.४ लिटर या दराने निसटतो. हवेच्या मानाने जवळजवळ चौपट, कारण रेणू हलका. बल्बमध्ये ०.०२ मिलिबार असेल आणि पहिल्या कक्षाला हायड्रोजनसाठी सेकंदाला ५०० लिटरचा पंप असेल, तर त्या कक्षात दाब ५.५ गुणिले १० चा उणे ५वा घात मिलिबार इतका राहतो. ३० सेंटिमीटरच्या वाटेत सुमारे ३ टक्के प्रोटॉन इथेच उदासीन होतात. चालेल, पण याहून जास्त नको. पुढच्या कक्षात जाताना मधे ५ मिमीचं भोक आणि पलीकडे दुसरा पंप, असे टप्पे पाडत न्या. शेवटच्या प्रयोगाच्या कक्षात १० चा उणे ७वा घात मिलिबार गाठता आला तर पुष्कळ झालं.

टर्बो पंप विकत घेताना माहितीपत्रकातला नायट्रोजनचा आकडा पाहून भुलू नका. हायड्रोजनसाठी उपसण्याचा वेग आणि विशेषतः दाब टिकवण्याची क्षमता वेगळी दिलेली असते, ती पाहा. जुन्या विभागांत डिफ्यूजन पंप धूळ खात पडलेले असतात. हायड्रोजनला ते उत्तम, फक्त द्रव नायट्रोजनचा सापळा हवा, नाहीतर तेलाची वाफ इलेक्ट्रोडवर जाऊन बसते.

दाब वाचतानाही फसगत होते. आयनायझेशन गेज नायट्रोजनसाठी बेतलेलं असतं आणि हायड्रोजनचा दाब ते निम्म्याहून कमी दाखवतं. वाचन साधारण २.२ ते २.४ने गुणायचं.

चुंबक: इथे हात आखडता घेऊ नका

डिस्चार्ज कितीही सुधारला तरी बल्बमधून तीन प्रकारचे आयन निघतात: प्रोटॉन, दोन अणूंचा रेणू-आयन आणि तीन अणूंचा रेणू-आयन. तिघांची ऊर्जा १० केईव्ही. न्यूट्रलायझरमध्ये रेणू-आयन फुटले की ऊर्जा वाटली जाते आणि अणू मिळतात ५ केईव्हीचे आणि ३.३ केईव्हीचे. एकाच बीममध्ये तीन वेग. एकदा ते उदासीन झाले की त्यांना वेगळं करायला साधनच उरत नाही.

म्हणून लेन्सनंतर लगेच वळणारा चुंबक हवा. १००० गॉसमध्ये १० केईव्ही प्रोटॉनची वळणत्रिज्या १४.५ सेंटिमीटर, दोन अणूंच्या आयनाची २०.४ आणि तीन अणूंच्याची २५. तीस अंशांचं वळण दिलं आणि पुढे फट ठेवली की प्रोटॉन तेवढे पार होतात. चुंबकाचा प्रवाह हळूहळू वाढवत पुढच्या फॅरडे कपात (आयन पकडून प्रवाह मोजणाऱ्या धातूच्या पेल्यात) प्रवाह मोजा, तिन्ही शिखरं एकामागोमाग येतील. हा आलेख रोज सकाळी काढून वहीत चिकटवा. बल्बची तब्येत यातून जितकी कळते तितकी दुसऱ्या कशातून कळत नाही. प्रोटॉनचं शिखर खाली येऊन तिघांतलं शेवटचं वर चढायला लागलं की बल्ब मळला किंवा दाब वाढला समजा. १८ वस्तुमानाच्या जागी शिखर दिसलं तर पाणी.

या वळणाचे आणखी दोन फायदे आहेत. ओढण्याच्या फटीतच जे आयन उदासीन होतात त्यांची ऊर्जा शून्यापासून १० केईव्हीपर्यंत काहीही असू शकते. ते चुंबकाला दाद न देता सरळ जाऊन भिंतीवर आपटतात. आणि प्लाझ्माचा अतिनील प्रकाशही सरळ जातो. पुढे लायमन-अल्फा या हायड्रोजनच्या अतिनील रेषेचे फोटॉन मोजायचे असतील तर प्लाझ्मा थेट नजरेसमोर असणं परवडतच नाही, कारण तो स्वतःच त्या रेषेत लखलखत असतो. जागा वाचवण्यासाठी सरळ रेषेतला वीन फिल्टर (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांनी वेग निवडणारा) लावणारे हे दोन्ही फायदे गमावतात.

इलेक्ट्रॉन परत देणं

न्यूट्रलायझर म्हणजे १० सेंटिमीटरची एक नळी, दोन्ही टोकांना ३ मिमीची भोकं, मधून थोडा गॅस. १० केईव्ही प्रोटॉनने हायड्रोजन रेणूचा इलेक्ट्रॉन पकडण्याचं क्रॉस-सेक्शन (टक्करीची शक्यता सांगणारं क्षेत्रफळ) सुमारे ८ गुणिले १० चा उणे १६वा घात चौरस सेंटिमीटर. त्यावरून हिशेब मांडला की नळीत ०.०००५ मिलिबार दाबाला दहा टक्के प्रोटॉन उदासीन होतात, आणि ०.०१ मिलिबारला जास्तीत जास्त जेवढे होऊ शकतात त्याच्या जवळपास.

किती गॅस घालायचा हे प्रयोगावर ठरवा. नुसता तीव्र बीम हवा तर दाट गॅस. अणूंची अवस्था आणि दिशा महत्त्वाची असेल तर विरळच ठेवा, म्हणजे प्रत्येक अणूची एकच टक्कर झालेली असेल. इलेक्ट्रॉन देणाऱ्या रेणूची बांधणी १५.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टची आणि प्रोटॉनकडे १३.६. तफावत अवघी १.८. दहा हजारांच्या हिशेबात ती नगण्य, म्हणून अणूचा वेग आणि दिशा जवळपास प्रोटॉनचीच राहते.

दाट गॅसचा एक छुपा खर्च असतो. ०.०१ मिलिबारला त्या दोन भोकांतून इतका हायड्रोजन सांडतो की ५०० लिटरचा पंप असूनही बाहेरच्या कक्षात १.२ गुणिले १० चा उणे ४था घात मिलिबार दाब राहतो. तिथल्या अर्ध्या मीटरच्या वाटेत आणखी दहा-बारा टक्के टक्करी होतात, म्हणजे सगळा कक्षच न्यूट्रलायझर बनतो आणि ‘इथे उदासीन झाला’ असं बोट ठेवून सांगता येत नाही. भोकांऐवजी ३ सेंटिमीटर लांबीच्या अरुंद नळ्या लावल्या तर गळती सुमारे नऊपटीने घटते. नळीतला दाब कॅपॅसिटन्स मॅनोमीटरने मोजा, त्याला गॅसच्या जातीशी देणंघेणं नसतं.

दीर्घायुषी २एस या उत्तेजित अवस्थेतले अणू मोठ्या प्रमाणात हवे असतील तर हायड्रोजन गॅसऐवजी सिझियमची वाफ घेतात आणि ऊर्जा ५०० ते १००० इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत खाली आणतात. सिझियमच्या इलेक्ट्रॉनची बांधणी ३.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि हायड्रोजनच्या २एसची ३.४, त्यामुळे इलेक्ट्रॉन थेट त्या अवस्थेत जाऊन बसायला अनुकूल असतो. पण सिझियम हवेत पेट घेतं, पाण्याशी स्फोटक वागतं आणि एकदा कक्षात पसरलं की सगळे इन्सुलेटर नासवतं. अनुभवी माणूस बरोबर असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

उरलेले आयन झटकणं

न्यूट्रलायझरनंतर जे प्रोटॉन तसेच राहिले त्यांना बाजूला काढायचं. ५ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर अंतराच्या दोन पट्ट्यांवर १००० व्होल्ट दिले की १० केईव्हीचे प्रोटॉन ७ अंशांनी वळतात. काम फत्ते. बहुतेक प्रयोगांना एवढं पुरतं.

पण २एस अणूंवर प्रयोग असेल तर हाच सोपा उपाय घात करतो. २एसचं नैसर्गिक आयुष्य सेकंदाचा आठवा भाग, पण विद्युतक्षेत्रात ती शेजारच्या २पी अवस्थेत मिसळते आणि २पी अवघ्या १.६ नॅनोसेकंदांत संपते. क्षेत्र कमी असताना हा ऱ्हासाचा दर सेकंदाला सुमारे २७८० गुणिले क्षेत्राचा वर्ग, क्षेत्र व्होल्ट प्रति सेंटिमीटरमध्ये. वरच्या पट्ट्यांत क्षेत्र ५०० आहे. एवढ्या तीव्र क्षेत्राला हे सूत्र जसंच्या तसं लागू पडत नाही, तरी आयुष्य काही नॅनोसेकंदांवर येतं आणि पट्ट्यांतून बाहेर पडायला ३६ नॅनोसेकंद लागतात. जवळजवळ एकही २एस अणू वाचत नाही. चुंबकाने झटकले तरी सुटका नाही, कारण धावत्या अणूला चुंबकीय क्षेत्र विद्युतक्षेत्रासारखंच भासतं आणि तेवढ्याच वळणाला तेवढाच मार बसतो.

तोड अशी: वळण ठरतं क्षेत्र गुणिले लांबीवर, आणि नुकसान ठरतं क्षेत्राचा वर्ग गुणिले लांबीवर. म्हणून क्षेत्र कमी करा, लांबी वाढवा. ४० सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्यांत फक्त १० व्होल्ट प्रति सेंटिमीटर ठेवलं तर प्रोटॉन २० मिलिरेडियन वळतात. पट्ट्या संपेपर्यंत ४ मिमी आणि पुढच्या अर्ध्या मीटरमध्ये आणखी १० मिमी ते बाजूला जातात, आणि २एस अणूंपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त शाबूत राहतात. नंतर हवं तिथे १०० व्होल्ट प्रति सेंटिमीटरचं क्षेत्र द्या, साधारण ५ सेंटिमीटरच्या वाटेत निम्म्याहून जास्त अणू १२१.६ नॅनोमीटरचा फोटॉन सोडून मोकळे होतील. मॅग्नेशियम फ्लोराइडची खिडकी लावलेली फोटोमल्टिप्लायर नळी ते टिपते.

बीम आहे की नाही, हे कसं कळणार

उदासीन बीम अँपिअरमीटरवर दिसत नाही. तो धातूच्या पट्टीवर आदळला की इलेक्ट्रॉन उडतात, ते मोजायचे. पट्टी तिरकी ठेवा, समोर ५०-१०० धन व्होल्टचं कडं ठेवा. दर अणूमागे किती इलेक्ट्रॉन उडतात हे पट्टीच्या पृष्ठभागावर अवलंबून असल्यामुळे पुस्तकातला आकडा उचलू नका. न्यूट्रलायझर रिकामा करून आयन बीमच पट्टीवर सोडा, तोच प्रवाह फॅरडे कपात मोजा, गुणोत्तर घ्या. फॅरडे कपाच्या तोंडाशी उणे शंभरेक व्होल्टचं कडं नसेल तर तो आकडा फुगलेला येतो. अणूंसाठीचं गुणोत्तर आयनांच्या जवळपास असतं, तंतोतंत तेच नाही. अचूक काम असेल तर उष्णतेने ताडून पाहा: १ मायक्रोअँपिअर एवढ्या संख्येने १० केईव्हीचे अणू म्हणजे १० मिलिवॉट. ०.१ ग्रॅमच्या तांब्याच्या पत्र्याला ते दर सेकंदाला पाव अंश तापवतात, आणि बारीक थर्मोकपल ते सहज दाखवतो.

मला स्वतःला सगळ्यांत विश्वासाची वाटते ती डॉप्लर तपासणी. न्यूट्रलायझरच्या बाजूला ४५ अंशांवर खिडकी ठेवा आणि ६५६.३ची रेषा स्पेक्ट्रोमीटरवर पाहा. स्थिर गॅसची रेषा जागेवर दिसेल आणि येणाऱ्या वेगवान अणूंची रेषा निळ्या बाजूला २.१४ नॅनोमीटर सरकलेली. चुंबक नीट लावलेला नसेल तर १.५२ आणि १.२४ वर आणखी दोन शिखरं डोकावतील: ती ५ केईव्हीची आणि ३.३ केईव्हीची भेसळ. बीममध्ये काय चाललंय हे बीमला हात न लावता कळतं.

जुळणी करताना आणखी एक. पृथ्वीचं ०.४ गॉसचं क्षेत्रसुद्धा १० केईव्ही प्रोटॉनला एका मीटरमध्ये साधारण १.४ मिमी बाजूला नेतं, अणूला नाही. आयन बीमने सगळी भोकं रेषेत लावली आणि अणूंचा ठिपका जरा बाजूला पडला तर पट्ट्या उकलू नका. ते तसंच असायचं.

चालू करण्याआधी आणि बंद करताना

१० किलोव्होल्टचा सप्लाय माणूस मारू शकतो. पिंजऱ्याच्या दाराला इंटरलॉक आणि दाराशेजारी लटकवलेली अर्थिंगची काठी या दोन गोष्टींशिवाय मुख्य स्विचला हात लावायचा नाही, आणि एकट्याने कधीच काम करायचं नाही. मुंबई-कोकणात पावसाळ्यात इन्सुलेटरवर ओल धरते आणि कालपर्यंत निमूट चालणारा सेट सात-आठ किलोव्होल्टलाच चरचरू लागतो. स्पिरिटने पुसा, खोलीतला डीह्युमिडिफायर चालू ठेवा. मागे धावणारे इलेक्ट्रॉन बल्बच्या तळावर आदळून सौम्य क्ष-किरण निर्माण करतात. १० किलोव्होल्टला ते स्टीलच्या भिंतीत मुरतात, पण काचेच्या भागाजवळ सर्व्हे मीटरने एकदा खात्री करून घ्या, आणि व्होल्टेज २०-३० किलोव्होल्टवर नेण्याआधी संस्थेच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवा. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेतो, त्यामुळे रोटरी पंपाचा धूर खिडकीबाहेर नळीने काढलाच पाहिजे. सिलिंडर खोलीबाहेर ठेवता आला तर उत्तम.

चालू करताना क्रम असा: पंप, मग गॅस, मग आरएफ, रंग स्थिरावला की उच्च व्होल्टेज, मग चुंबक आणि लेन्स, आणि शेवटी न्यूट्रलायझरचा गॅस. व्होल्टेज हजार-हजार व्होल्टने चढवा. ठिणग्या पडतील, सुरुवातीला त्या पडायच्याच. दोन पायऱ्या मागे या, थांबा, पुन्हा चढवा. एकाच जागी सारख्या पडत असतील तर इलेक्ट्रोडवर ओरखडा किंवा धूळ आहे, उघडून पॉलिश करणं आलं.

बंद करताना नेमकं उलट: न्यूट्रलायझरचा गॅस बंद, व्होल्टेज शून्य, काठीने अर्थिंग, मग आरएफ आणि बल्बचा गॅस. बल्ब थंड होईपर्यंत पंप चालू ठेवा. कक्ष उघडायचा असेल तर हवा न सोडता कोरडा नायट्रोजन सोडा, नाहीतर काच पुन्हा पाणी पिऊन बसते आणि किरमिजी रंगासाठी पुन्हा काही तास वाट पाहावी लागते.